जुवाखालची रिकामी जागा

कोमट तुपात हळद पडली की एक वास उठतो. पुरता स्वयंपाकघराचा नाही, पुरता गोठ्याचाही नाही. दोहोंच्या उंबरठ्यावर रेंगाळणारा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गिरडकडच्या आमच्या गावात तो घरोघरी दरवळत असतो. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे पळसाचं पान या तुपात बुडवून शेकायचे आणि शेकताना बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ज्याच्यावर बाराही महिने ओरडलो, त्याला अदबीनं 'या' म्हणण्याची ही संध्याकाळ!

यंदा हा वास मला पोळ्याच्या आधीच, चक्क वर्गात आठवला. समुद्रपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. त्या दिवशी जोडण्याचे शब्द फळ्यावर होते. इंग्रजी भाषा या बाबतीत मोठी चोखंदळ. कनेक्ट म्हटलं की मधे तार आली, तार तुटली की दोन्ही टोकं आपापली मोकळी. अटॅच म्हटलं की एक मोठा, दुसरा त्याला डकवलेला. मर्जमध्ये ओढा नदीला मिळतो आणि नाव गमावून बसतो. युनाइटमध्ये दोघांचं एक होतं. पण ते एक नेमकं कोणाच्या वळणाचं, हे त्या शब्दाला कोणी विचारत नाही. मग आला योक. जाणकार सांगतात, योक, जॉइन, आपलं जू आणि आपला योग, सगळे एकाच प्राचीन धातूचे वंशज. हजारो कोस दूर जाऊन नांदणारी भावंडं. या शब्दात दोघं दोनच राहतात, ओढ मात्र एका दिशेची असते. मी रंगून सांगत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, जू हाये पण बैल एकच हाये, त त्याले इंग्रजीत काय म्हणते?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि खडू खाली ठेवला.

कारण तसा एक बैल माझ्या नावावर होता.

आता सांगूनच टाकतो. इतके दिवस हे घरातही बोललो नाही. गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझा मोठा भाऊ न्यारे झालो. वडिलांच्या मागं दादानं शाळा सोडून वावर धरलं, म्हणून मी शिकलो. वावर टेपानं मोजलं, भांडी एकाआड एक ठेवली. राहिली बैलांची जोडी, मोत्या आणि पाखऱ्या. दादा म्हणाला, "जोडी फोडू नोको रे. दोन्ही घेऊन जाय, नाई त दोन्ही मले राहू दे." पंचही त्याच्या बाजूनं मान डोलावत होते. मी म्हणालो, "बरोबरीनं म्हणजे बरोबरीनं. एकेक." नोकरदार माणसाला एक बैल कशाला हवा होता? नकोच होता. पण जन्मभर गाव मला भेटलं की आधी दादाच्या त्यागाची चौकशी करायचं. ज्याच्या उपकारावर आपण उभे असतो, त्याच्या चांगुलपणाचाही कधीकधी कंटाळा येतो. असं कोणी लिहीत नाही, पण येतो. दादाजवळ काहीही पुरं राहू नये, एवढंच मला त्या दिवशी हवं होतं.

मोत्या मी माझ्या वाट्याच्या वावरासकट उत्तमला दिला. निम्म्या पिकाच्या बोलीवर, बटाईनं माझं वावर करणारा हा गावातलाच शेतकरी. मोत्या आयुष्यभर जुवाच्या डाव्या अंगाला चाललेला. उत्तमच्या बैलासोबत जुंपला की तो अंग चोरून एका कडेला जायचा. गोठ्यात एकटा बांधला तरी डावीकडेच उभा, उजवीकडे एका बैलाची जागा सोडून. उत्तम म्हणायचा, "गुरुजी, तुमचा बैल पावण्याची वाट पाहून राह्यला." दादानं यंदाची पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर उरकली. पाखऱ्या बसून होता. दादा कोणाजवळ एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

तर यंदा, खांदे शेकायच्या संध्याकाळी, उत्तमशी बोलून मी मोत्याला सोडलं. कासरा माझ्या हातात होता इतकंच. गल्लीच्या वळणापासून पुढं तोच होता आणि मी मागं. दादाच्या अंगणात वहिनी चुलीवर तूप कोमट करत होती. पदर सावरत म्हणाली, "या भाऊजी! रस्ता चुकले, का बैलानं आणलं?"

"बैलानंच आणलं," मी म्हणालो.

मोत्या सरळ गोठ्यात शिरला आणि पाखऱ्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. पाखऱ्यानं मान वळवून त्याची पाठ चाटायला सुरुवात केली. त्यांच्यात मानापमानाची भानगडच नव्हती! माझ्यात होती. तरी गोठ्यात तुपाचं भांडं घेऊन वाकलेल्या दादाच्या पाठीकडं पाहत एकदाचा बोललो, "मले बैल नोको होता, दादा. तुह्याजवळ पुरं काई राहू नये, एवढंच पाहिजे होतं मले."

दादानं पान तुपात बुडवलं. "मालूम होतं मले," तो म्हणाला. मग बराच वेळ मोत्याचा खांदा चोळत राहिला. पाखऱ्याची पाळी आली तेव्हा दुसरं पान माझ्याकडं धरलं. "घे. तूप थंडं होऊन राह्यलं."

वाटण्या झाल्या त्या झाल्याच. अंगणातली नवी भिंतही तशीच आहे. आम्ही युनाइट झालो, असं मी वर्गात सांगणार नाही. मोत्या तिथंच राहील आणि दोन्ही वावरं तीच जोडी वाहील, एवढं ठरलं. त्या मुलीच्या प्रश्नाला इंग्रजीत शब्द आहे की नाही, मला अजून ठाऊक नाही. तिला तसंच सांगेन.

शेकून झाल्यावर दादा दोघांच्या मधे उभा राहिला आणि दरवर्षीसारखं म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." म्हणताना त्याचा हात पाखऱ्यावर होता आणि तोंड माझ्याकडं. हात न धुता मी समुद्रपूरची एस.टी. पकडली. खिडकीची दांडी धरली तशी तिला हळद लागली, आणि तो वास गाव मागं पडलं तरी माझ्या सोबत येत राहिला. दुसऱ्या दिवशी मी जेवायला गेलो.