आई गोठ्यात पडली नव्हती

"चालतील," डॉक्टर म्हणाले. "आधी वॉकर, मग काठी, मग तीही सुटेल. पण उकिडवं बसता येणार नाही."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. "मग धार कशी काढू?"

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला, जणू त्यात दुसरं काही उत्तर सापडेल. "ते नंतर बघू," एवढंच म्हणाले आणि पुढच्या कॉटकडे गेले.

दुखण्याचं नाव टिबियल प्लॅटो फ्रॅक्चर. नडगीच्या हाडाचं वरचं टोक सपाट असतं आणि गुडघा त्यावर टेकतो. आईच्या उजव्या पायाचं ते टोक खचलं होतं. वडील गेल्यापासून आमचं घर तीन म्हशींवर चालतं, आणि आमच्याकडे धार उकिडवं बसूनच काढतात, बादली दोन्ही गुडघ्यांत धरून. डॉक्टर गुडघ्याबद्दल बोलत होते आणि आईला गोठा दिसत होता.

तुमच्या घरात कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

आई मामाच्या मोटरसायकलवर मागे बसून वडगावच्या बाजारातून परत येत होती. दिवस मावळत होता. रस्त्याच्या कडेला, अर्धा डांबरावर, उसानं भरलेला ट्रक उभा होता. मामाला तो दिसेपर्यंत उशीर झाला. मामाला थोडं खरचटलं, आईचा गुडघा ट्रकच्या मागच्या लोखंडावर आदळला.

ट्रक बाळूकाकांचा. ते आमच्याच गल्लीतले, ट्रक एकच आणि चालवणारेही तेच. कारखान्याकडे निघाले होते, वाटेत सैल झालेला दोर आवळायला थांबले होते. त्यांनीच आईला उचललं, मागून येणारी जीप थांबवली आणि तिचा पाय मांडीवर धरून कोल्हापूरपर्यंत आणलं.

दवाखान्यात पहिलाच प्रश्न आला, काय झालं? मामा म्हणाला, गोठ्यात पाय घसरून पडली. बाळूकाका खाली मान घालून उभे होते. डॉक्टरांनी आईला विचारलं तर तिनेही मान हलवली. यात कुणी कट केला नव्हता. आमच्याकडे असंच सांगतात. पोलिसांचं लचांड नको, गावातलं गावात मिटवू, बाकी मग बघू. मी कोल्हापुरातच एका छापखान्यात काम करते. मी पोहोचले तोवर सांगून झालं होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. रस्त्यावरचा अपघात असला की दवाखाना एमएलसी करतो. एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस, ज्या दुखापतीची खबर पोलिसांना द्यावी लागते ती. पुढे नुकसानभरपाई मागायची तर सगळं त्या पहिल्या नोंदीपासून सुरू होतं. गोठ्यात पडलेल्या बाईची एमएलसी होत नाही.

ऑपरेशन लगेच झालं नाही. सूज उतरायची वाट पाहायची होती. नर्स दर थोड्या वेळाने येऊन आईला पायाची बोटं हलवायला सांगायची. कंपार्टमेंट सिंड्रोमची भीती होती. म्हणजे आत सूज इतकी चढते की रक्त खाली पोहोचत नाही आणि पाय धोक्यात येतो. आई बोटं हलवायची आणि विचारायची, "आजून हायत न्हवं?" नर्सला हसू यायचं.

मग सीटी स्कॅन झाला. मग ऑपरेशन, प्लेट आणि स्क्रू. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. माझ्या एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला बाळूकाकांची बायको पारूकाकू, मांडीवर किटली घेऊन.

पारूकाकू रोज सकाळच्या पहिल्या एसटीने यायची. किटलीत बकऱ्याच्या पायाचं सूप, फडक्यात भाकरी. मोडलेलं हाड पायाच्या सुपाने लवकर जुळतं अशी आमच्याकडची समजूत. डॉक्टर म्हणाले, प्या, नुकसान नाही. काकू आईच्या उशाशी बसून तिला सूप पाजायची आणि म्हणायची, "हाड तुझं एकटीचं मोडलं, पर वडगावच्या बाजारातल्या बकऱ्यांनी धसका घेतलाय बघ."

आई हसायची आणि मी दाराबाहेर जायचे.

माझे वडील चळवळीतले. पत्रकांचे गठ्ठे उशाला घेऊन मी लहानाची मोठी झाले. पत्रकाच्या पहिल्याच ओळीत कळतं, अन्याय कुणी केला. मी मनात आमचं पत्रक कितीदा तरी लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत बाळूकाकांचं नाव लिहिलं की किटली आठवायची. तरीही राग जात नव्हता, आणि तो जावा असं मला अजूनही वाटत नाही. एका बाईचा पाय मोडला होता आणि सगळे मिळून ती गोठ्यात पडली असं म्हणत होते.

मी न्यायालयाच्या आवारात मोफत कायदेशीर मदत मिळते तिथे गेले. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, कमाई किती ते न विचारता. हे मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल. तिथल्या वकीलबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, आईंनी पोलिसांना खरा जबाब द्यावा. उशीर झाला, पण तो का झाला ते सांगता येतं. भरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. त्याला मुदत असते, म्हणून रेंगाळू नका. ट्रकची कागदपत्रं आणि लायसन्स नीट असेल तर पैसे विमा कंपनी देते, मालकाच्या घरातून जात नाहीत. मात्र ड्रायव्हरवर गुन्हा नोंद होतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "ट्रकचा मागचा दिवा लागलेला होता का?"

मी मामाला विचारलं. मामा म्हणाला, "बाळूदा म्हणतोय लागल्यालाच हुता. पर वाडं लोंबत हुतं की त्याच्यावर."

वाडं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. ट्रक तोंडोतोंड भरला की तो मागे लोंबतो आणि दिवे झाकतो. हंगामात आमच्या रस्त्यांवर असे ट्रक रोज दिसतात. मी जन्मापासून पाहते आहे, आणि त्या पानांखाली दिवा पेटलेला असतो हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आईला सगळं सांगितलं. ती नाही म्हणाली. "तिच्या हातचं खातोय मी. त्याच तोंडानं तक्रार देऊ?"

मी म्हटलं, बाबा असते तर त्यांनी दिली असती.

"तुझ्या बापानं जलमभर पत्रकं वाटली. गल्लीत कुणाचं बोलणं तोडलं न्हाई." मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर फिजिओथेरपी सुरू झाली, म्हणजे आखडलेला सांधा व्यायामाने मोकळा करणं. फिजिओथेरपिस्ट आईचा गुडघा हळूहळू वाकवायचा. ती ओठ चावायची. थोडा वाकला की तो म्हणायचा, "आज एवढंच, मावशी." ते एवढंच धार काढण्याच्या आसपासही नव्हतं.

आणि मामा आला. स्टुलावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, "आक्का, दोन म्हशी काढून टाकूया. गिऱ्हाईक बघून ठेवलंय. आता गोठ्यात पडलीस, उद्या परत पडशील."

आईने त्याच्याकडे मान वळवली. "कुठं पडलो मी?"

"गोठ्यात की."

तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वेळा इतक्या जणांना सांगून त्याला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. गल्लीतही तेच झालं होतं. भेटायला येणारा जो तो म्हशींना बोल लावून जायचा.

"मला म्हशीनं पाडलंय व्हय रं?" आई म्हणाली. "मुक्या जनावरावर घालतोस? तूच चालवत हुतास न्हवं गाडी?"

मामाने टोपी घातली आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी काकू आली. आईने वाटी हातात घेतली नाही. "पारू, उद्यापास्नं डबा आणू नगंस."

"का गं? मीठ जास्त झालं?"

"मी पोलिसांना खरं सांगणार हाय. तुझा डबा खाऊन सांगायला जीभ उचलायची न्हाई."

काकूने किटलीचं झाकण लावलं आणि निघून गेली. आई दिवसभर जेवली नाही. मला वाटलं होतं त्या दिवशी मला आनंद होईल. झाला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने काकू हजर, किटली घेऊन. डोळे सुजलेले होते.

"त्यो लई भडकलाय," ती म्हणाली. "माझ्यासंगं बोलंना. तू काय सांगायचं ते सांग. डबा आणायचा का न्हाई ते मी ठरवणार. वाटी धर."

आईने वाटी धरली.

पोलीस दवाखान्यात आले. उशीर का झाला यावरून खूप प्रश्न विचारले, पण जबाब लिहून घेतला. मामानेही खरं सांगितलं, काकांनीही. काकांवर गुन्हा नोंद झाला. त्याचं त्यांना दुःख आहे आणि ते अजून माझ्याशी मोकळं बोलत नाहीत. मात्र ऊस भरून झाला की ते आता कोयता घेऊन मागे जातात आणि दिव्यावरचं वाडं छाटतात. इतर ट्रकवाल्यांनाही शिव्या देऊन छाटायला लावतात.

आई आता काठीशिवाय चालते. म्हशी तिन्ही आहेत. सुताराकडून बुटकं स्टूल करून घेतलं. वर बसून काढलेली धार म्हशींना आधी पसंत पडली नाही, एकीने बादली उडवली. आता चालवून घेतात. तिसरीची धार मात्र काकू येऊन काढते.

अर्जाचा निकाल अजून लागायचा आहे. विमा कंपनीचं म्हणणं एकच, बाई गोठ्यात पडली असं तुम्हीच दवाखान्यात सांगितलंत. मामाचं ते एक वाक्य आम्हाला तारखेमागून तारीख खोडत बसावं लागतंय. म्हणून हात जोडून सांगते, कुणाला वाचवायचं असेल तर नंतर वाचवा. डॉक्टरांनी विचारलं की खरं सांगा.

अर्जात आई अर्जदार आहे आणि पहिले जाबदार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज आहे ते, बाळूकाका. मागच्या तारखेला दुपारी न्यायालयाच्या व्हरांड्यात काकूने फडकं सोडलं. आई बाकावर पाय लांब करून बसली होती, काका थोडे अंतर ठेवून. काकूने भाकरी मोडून एक तुकडा आईला दिला, एक काकांकडे सरकवला. विमा कंपनीचे तरुण वकील कागद घेऊन समोरून चालले होते, ते थबकले. यातलं नक्की कोण कुणाच्या विरुद्ध आहे ते त्यांना उमगेना.

आईने पाय जरासा बाजूला घेतला.

"बसा की पावणं," ती म्हणाली. "भाकरी हाय."