माझ्या हातचं संत्रं

हाफटाइमला मी संत्र्याची फोड रेवापुढे धरली. दहा-अकरा वर्षांची पोर, घामानं निथळत होती. तिनं हात पाठीमागे घेतले.

"सॉरी कोच. माय मदर से कॅनॉट."

तिची आई मैदानाच्या कडेला डबा घेऊन उभी होती. टीममधल्या चारही मराठी मुलांसाठी चिरलेली फळं.

"आम्हीच आणत जाऊ हं," ती गोड आवाजात म्हणाली. "तुम्हाला कशाला त्रास?"

दोन वर्षं मीच सोलत होते, तेव्हा त्रास नव्हता. त्या आठवड्यात तिनं माझा नागपूरचा फोटो पाहिला होता. जयंतीच्या मिरवणुकीतला, डोक्याला निळा फेटा. तेवढं पुरलं. समुद्र ओलांडला, कॉन्डो घेतला, विटाळ काही सुटला नाही.

मी इथं पोस्टडॉक म्हणून आले. वन-नॉर्थ या इथल्या संशोधन-वसाहतीतल्या लॅबमधल्या एका आयरिश सहकाऱ्यानं गेलिक फुटबॉलला ओढून नेलं. त्यांच्या देशाचा खेळ, हातानंही खेळायचा, पायानंही. माझं अंग कबड्डीचं, भिडायची भीती नव्हती. बरीच वर्षं खेळले. गुडघा गेला तेव्हा क्लबनं मुलांची टीम माझ्याकडे दिली. तिथं संत्री कापून ठेवायची पद्धत. मी पडले नागपूरची, सोलून हातावर ठेवायचे.

दुसरा हाफ सुरू झाला. बॉल बाहेर आला, मी उचलला. रेवानं तो माझ्या हातातून हिसकावला आणि धावली. गोल. तिच्या आईनं टाळ्या वाजवल्या.

माझं डोकं सणकलं. माझ्या हातचा बॉल चालतो. माझ्या हाताखाली शिकणं चालतं.

मॅच संपल्यावर सरळ तिच्याकडे गेले. "पुढच्या रविवारी डबा आणू नका. इथं सगळ्यांचं एकत्र असतं."

"अहो, उगाच मनाला लावून घेताय. आम्ही असलं काही मानत नाही. मुलांना ॲलर्जी असते."

"कसली?"

ती डब्याचं झाकण लावू लागली.

क्लबचा प्रमुख भला माणूस. म्हणाला, "इट्स ओन्ली ऑरेंजेस." प्रत्येकानं आपापलं आणावं, भांडण मिटेल. चार मुलं गेली तर स्पर्धेला टीम पुरणार नाही. मी त्याला सांगितलं, माझ्या आजोबांनाही चहाच्या दुकानात असंच समजुतीनं सांगायचे, चहा हवाय ना, मग आपला पेला आणा. तेही म्हणायचे, साधा पेलाच तर आहे. तो मान हलवत राहिला. त्याला कळलं की नाही, देव जाणे.

या रविवारी चारही मुलं आली नाहीत. रेवाही नाही. तिच्यासारखी पोर मला परत मिळायची नाही, आणि तिचा यात काही दोष नाही. मैदानाच्या कडेनं नुसत्या येरझारा घालत राहिले. स्पर्धेतून नाव मागे घ्यावं लागलं.

काल क्लबचा निरोप आला, फेरविचार करा. केला. मी कोच आहे तोवर या टीममध्ये कुणाचा वेगळा डबा येणार नाही. टीम उरली नाही तरी चालेल.