तटस्थ जहाजाचा पांढरा पट्टा

गोदीत त्या रंगाऱ्याला सगळे शंकासुर म्हणत. नवा डबासुद्धा तो झाकण उघडून, ढवळून, हुंगून मगच घ्यायचा. बायको म्हणायची, "लग्नाच्या वेळी मला बरं न पारखता पसंत केलंत?" तो म्हणायचा, "तिथंच फसलो."

समोरच्या आखातात दोन देशांची जुंपली आणि त्याच्या कामाला भाव आला. लढाईशी देणंघेणं नसलेल्या मालवाहू जहाजांनी दोन्ही कुशींवर रुंद पांढरा पट्टा ओढून त्यावर 'तटस्थ' लिहायचं. अशा जहाजाच्या वाटेला कोणी जायचं नाही, असं दोन्ही बाजूंनी कबूल केलं होतं. त्याचा जावई अशाच एका जहाजावर खलाशी होता.

एका सकाळी करड्या रंगाचं एक जहाज धक्क्याला लागलं. त्याचा एजंट म्हणाला, "पट्टा आजच हवा. धान्य आहे, घाई आहे."

रंगाऱ्यानं होडी जहाजाच्या कुशीला लावली. वर कठड्याशी चौघं उभे, नजर याच्या हातांवर. हा सरकला की तेही सरकत. पाणी प्यायला वर येऊ का विचारलं, तर "खालीच थांब!"

त्याच्या मनात पाल चुकचुकली. धान्याला एवढा पहारा? पोत्यांखाली तोफगोळे असले तर? असं एक जहाज पकडलं गेलं, की उद्या पट्ट्याला कुत्रंही विचारणार नाही. मग जावयाच्या जहाजाचं काय? त्यानं ब्रश ठेवला आणि तडक बंदर अधिकाऱ्याकडे गेला.

"तुझं काम रंग द्यायचं," अधिकारी म्हणाला.

"साहेब, आत काय आहे ते कोणी बघितल्याशिवाय मी 'तटस्थ' लिहिणार नाही."

अधिकाऱ्याचे डोळे बारीक झाले. "तुला कोणी पाठवलं? कुठल्या बाजूनं?"

घ्या! आता हाच आरोपी. त्याची पिशवी उलटी करून झाली, खिसे चाचपून झाले. तो म्हणाला, "माझी झडती झाली ना? मग आता त्या जहाजाचीही होऊ दे."

कटकट मिटावी म्हणून अधिकाऱ्यानं हुकूम दिला. जहाजाची झाकणं उघडली, पोती उपसली. तळापर्यंत धान्यच निघालं. "शंकासुराला धान्य बाधलं!" म्हणून हमाल खदखदले. रंगारी मान खाली घालून उभा राहिला.

जहाजाचा कप्तान तणतणत खाली उतरला. "झालं समाधान?"

"झालं. पण मग एवढा पहारा कशाला?"

कप्तानाचा आवाज उतरला. "मागच्या बंदरात शेजारच्या जहाजाला अशीच एक रंगाऱ्याची होडी लागली होती. त्यानं रंगाच्या डब्यातून सुरुंग आणून जहाजाला चिकटवला. माझा धाकटा भाऊ होता त्या जहाजावर."

"वाचला?"

कप्तानानं नुसती मान हलवली. नाही.

रंगारी होडीत उतरला. त्यानं आपले सगळे डबे धक्क्यावर आणले आणि एकेक करून कप्तानासमोर रिकाम्या बादलीत ओतले. रंगाशिवाय काही निघालं नाही. मग तो कामाला लागला. कप्तानानं पहारा हटवला नाही, यानंही हटवा म्हटलं नाही.

अधिकाऱ्यानं मात्र धडा घेतला. त्या दिवसापासून पट्ट्याआधी प्रत्येक जहाज तपासलं जाऊ लागलं आणि रंगाऱ्यांच्या होड्याही. खोळंबा व्हायचा. एजंट शंकासुराच्या नावानं बोटं मोडायचे.

पुढे एका युद्धनौकेनं त्याच करड्या जहाजावर तोफा रोखल्या आणि बिनतारीवरून बंदराला विचारलं, "तुम्ही हे आतून बघितलंय, की नुसता पट्टा ओढलाय?"

"तळापर्यंत बघितलंय," अधिकाऱ्यानं न अडखळता सांगितलं. तोफा वळल्या. जहाज सुखरूप पार झालं.

ही बातमी घरी पोचली तेव्हा बायकोनं विचारलं, "आता तरी बसला ना विश्वास लोकांवर?"

"त्या जहाजावर बसला," तो म्हणाला. "उद्याचं अजून कुठं बघितलंय?"