अकरा फेब्रुवारीचं पाणी

चंद्रप्पा सर मुखेडला कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवून रिटायर झाले. आम्हाला त्यांनी जुने अमेरिकन निबंध शिकवले. त्यात एखादा माणूस रानात पाखरं बघत हिंडतो आणि चार पानांनी थेट सरकारला जाब विचारतो. पाखराचा अन् सरकारचा संबंध काय, हे विचारायची आमची हिंमत नव्हती. परीक्षेला दोघांपैकी कोण येणार, एवढंच विचारलं. सर म्हणाले, "ज्याला नीट बघायची सवय लागली, त्याला खोटं खपत न्हाई. इतकं ध्यानात ठेवा."

ते स्वतः रोज सकाळी गावच्या तळ्यावर जायचे. पाणी किती, पाखरं कोणती, वहीत लिहायचे. गावाला वाटायचं, सरांना शुगर असेल.

मार्चमध्ये पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. तळं बुजवून दुकानांचे गाळे निघणार. आधार तलाठ्याच्या पंचनाम्याचा: 'तळे सात वर्षांपासून कोरडे, पशुपक्ष्यांचा वावर नाही.' तारीख अकरा फेब्रुवारी. खाली पंच म्हणून चंद्रप्पा सरांची वळणदार सही.

आमच्याकडं पंच म्हणून सही मागणं हा मान असतो. कागद वाचत बसलं की समोरच्यावर संशय घेतल्यासारखं होतं. त्यात तलाठी दयानंद सरांचाच विद्यार्थी. तो आला, पाया पडला, चहा प्याला. सरांनी सही करून दिली.

फळा वाचून सरांनी घरी वही काढली. अकरा फेब्रुवारी: 'पाणी कमरेइतकं. हळदी-कुंकू बदकं एकवीस.' अक्षर तेच.

"पोरांचे निबंध लाल करता," त्यांच्या पत्नी शिवकन्याकाकू म्हणाल्या, "अन् सरकारचा न वाचता पास केला?"

सर दयानंदकडं गेले. तो ओशाळला. "मजकूर वरून आला होता सर. तुमचं नाव काढतो, दुसरा पंच घेतो. तुमच्यावर शिंतोडा येणार न्हाई."

"अन् तळं?"

"ते माझ्या हातात न्हाई."

दोन दिवस सर तळ्यावर फिरकले नाहीत. नाव सुटत होतं, नुसतं गप्प बसायचं होतं.

ग्रामसभेत ते उठले. आधी वही वाचली, मग पंचनामा. "दोन्ही माझेच. वहीतलं बघून लिहिलं. ह्या कागदावर न वाचता सही केली."

मागून हणमंतराव बोलले. त्यांच्या बांधाचा तंटा सरांच्या सहीच्याच पंचनाम्यावर मिटला होता, आणि ते हरले होते. "मग आमच्या बांधाचा कागद तरी वाचला होता का सर?"

लोक हसले.

"न्हाई," सर म्हणाले. "तोबी न्हाई."

त्यावर कुणी हसलं नाही.

गाळे तूर्त थांबले. नवा पंचनामा तळ्यावरच, सगळ्यांसमोर करायचं ठरलं. पंच म्हणून सरांचं नाव कुणी घेतलं नाही. रोज तिथं म्हशी पाजणाऱ्या धोंडाबाईला बोलावलं. तिला अक्षर येत नाही, म्हणून दयानंदला तिनं एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लावली. 'पाणी अल्प प्रमाणात' आलं तसं तिनं थांबवलं.

"अल्प म्हंजे किती रे? माझी म्हैस पोटापर्यंत बुडून राहिली. तसं लिही."

त्यानं तसं लिहिलं. अंगठा उठवायच्या आधी ती म्हणाली, "आता पहिल्यापासून वाच." सर दहा हात लांब उभे होते. तिथूनच त्यांनी सगळा कागद शेवटपर्यंत ऐकला.