मुयागाचा वारस

नाम्पिज्जा सासरच्यांना कधी भ्याली नाही, पण नवरा गेल्यापासून फोन वाजला की ती दचकायची. सरोवरकाठच्या कासेन्यी गावात, धक्क्याजवळ, ती शाळेचे गणवेश शिवायची. नवरा बुकेन्या कॉम्प्युटरवाला. त्याने ‘मुयागा’ नावाचा प्रोग्रॅम लिहून इंटरनेटवरच्या एका भांडारात फुकट ठेवला होता, कुणीही वापरा म्हणून. सरोवरातल्या यंत्रांचे आकडे वाचून तो प्रोग्रॅम वादळाची वर्दी द्यायचा. मासेमारांच्या फोनवर वादळाआधी लाल पट्टी यायची, ती त्याच्याच जिवावर. त्यांचे फोन रोज भांडारात जायचे आणि मुयागा या नावाखाली जे असेल ते डोळे झाकून उचलून आणायचे. म्हणजे नाव ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळे फोन नि सगळ्या होड्या. आजारपणात बुकेन्याने त्या नावावर बायकोलाही मालक करून ठेवलं. “तुला काही करायचं नाही,” तो म्हणाला, “फक्त भलत्याच्या हाती देऊ नकोस.” एवढं सांगून तो गेला, आणि बाई बसली नाव राखत!

पुढे सरोवरातली यंत्रंच बदलली. नवे आकडे मुयागाला वाचता येईनात, आणि लाल पट्टी यायची बंद झाली. नाम्पिज्जाचा धाकटा भाऊ कासुले भर वादळात सापडला, होडी उलटली, रिकाम्या डब्याला मिठी मारून कसाबसा काठाला लागला. त्या दिवसापासून तो होडी काढायचा आणि ही शिवण टाकून धक्क्यावर येऊन बसायची.

अशात एक पत्र आलं. “मी ओटिम, लिरा गावचा. दुरुस्ती तयार आहे, फक्त मुयागा हे नाव माझ्याकडे द्या.” इतकं गोड लिहिलेलं की तिला संशयच आला. असल्या सोडलेल्या नावांवर डोळा ठेवून बसणारे चोर असतात, लाडीगोडी लावून नाव घेतात आणि आत भलतंच घालतात, हे तिने बुकेन्याच्याच तोंडून ऐकलं होतं. मागोमाग भांडारवाल्यांचंही पत्र आलं. मुदतीत उत्तर आलं नाही, तर नाव बेवारस समजून अर्जदाराला, म्हणजे ओटिमलाच, देऊ म्हणे. आता घ्या! गप्प बसावं तरी नाव जाणारच.

“वहिनी, देऊन टाका नि मोकळ्या व्हा,” दीर मुसिसी म्हणाला.

“आणि चोर निघाला तर?”

“मग नका देऊ.”

“आणि कासुले बुडाला तर?”

मुसिसी डोकं खाजवत निघून गेला. त्याच्या हुशारीची मजल तेवढीच.

बुकेन्याचे शेवटचे विधी, जे माणूस गेल्यावर बऱ्याच काळाने होतात आणि ज्यांत त्याचा वारस उभा करतात, ते जवळ आले होते. आमच्याकडे कुणी घरबसल्या वारस होत नाही. झाडाच्या सालीचं वस्त्र खांद्यावर घेऊन, हातात भाला धरून मेलेल्याच्या दारात उभं राहावं लागतं, अख्ख्या कुळाच्या डोळ्यांसमोर. नाम्पिज्जाने ओटिमला कळवलं: नाव हवं असेल तर त्या दिवशी इथं येऊन दारात उभा राहा.

“वहिनी, आता कॉम्प्युटरला भाला देणार की काय?” मुसिसी हसून हसून लोळायचा बाकी होता.

“माणसाला उभा करणार. चोर असेल तर यायचाच नाही.”

आणि तो आला की! काटकुळा, प्रवासाने शर्टाचा पार चोळामोळा झालेला. बुकेन्याचा वारस म्हणून भाला घेऊन थोरला पुतण्या उभा राहिला, त्याच्या शेजारी याला उभं केलं. म्हाताऱ्यांनी त्याला फैलावर घेतलं. कुणाचा तू? बापाची होडी आहे का?

“आमच्या लिराला होडी चालवायला पाणी कुठाय, आजोबा?”

सगळे खो खो हसले. केळीच्या पानात वाफवलेलं कच्च्या केळ्यांचं मटोके त्याने पोटभर खाल्लं. बायका म्हणाल्या, पोरगं भलं दिसतंय.

भलं दिसतंय! नाम्पिज्जाने त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. दारात उभा केला की माणूस कळेल, असं धरून चालली होती ती. कळलं काहीच नाही. भल्या तोंडाच्या लोकांनीच आजवर जगाला टोप्या घातल्यात. पण कासुले तिच्याकडे आशेने बघत होता, मुदत संपत आली होती. तिने पासवर्ड दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा बरोबर घातला. शेवटी नाव ओटिमकडे गेलं.

पुढच्याच आठवड्यात, होड्या निघायच्या वेळी, कासुलेचा फोन आला.

“ताई, तुझ्या ओटिमची लाल पट्टी आलीय. पण आभाळ बघ, धुतल्यासारखं आहे! बाकीचे चेष्टा करत निघालेसुद्धा. तू ओळखतेस ना त्याला?”

तिने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. मग ती म्हणाली, “होडी ओढून घे.”

“हसतायत गं सगळे मला.”

“हसू देत. तू पाण्यात पाय घालायचा नाहीस.”

फोन ठेवून ती अंगणात येऊन बसली. केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. वारा आला नाही, तर ती पट्टी खोटी, ओटिम लबाड, आणि कासेन्यीचे सगळे फोन तिने आपल्या हाताने लबाडाला दिलेले.

“ये रे वाऱ्या, एकदाचा ये!” ती पुटपुटली, आणि स्वतःचेच शब्द ऐकून ती चपापली. बाहेर होड्या होत्या! ज्यांच्या पोरांचे गणवेश तिने शिवले, ते सगळे बाप पाण्यावर होते, आणि ही वादळ मागत बसली होती.

ती तशीच अनवाणी धक्क्यावर पळाली. बायका जाळी निवडत बसल्या होत्या.

“फोन लावा गं नवऱ्यांना! अजून लांब गेले नसतील, मागे फिरवा!”

“कुणाच्या सांगण्यावरून?” त्यांतल्या नालुलेने डोळे मिचकावले. “त्या लिराच्या पोराच्या?”

“माझ्या! नाव मी दिलंय त्याला. नाही आला वारा तर उद्या सगळ्याजणी मिळून माझ्या तोंडाला काळं फासा. पण आत्ता फोन लाव, बाई, तुझ्या पाया पडते!”

नालुले हसायची थांबली. जाळं बाजूला टाकून तिने कमरेचा फोन काढला.