नानांचा तळहात

फिल्टरवर धूळ साचते तसे आमच्या दुकानात किस्से साचतात. फरक एवढाच की धूळ आम्ही झटकतो, किस्से नाही! पांडेसऱ्यात एसी-फ्रिज दुरुस्तीचं छोटंसं दुकान. मालक नाना, मूळचे शिरपूरकडचे. हाताखाली मी आणि सुनील. सुनीलची बायको वनिता बाळंतपणाला गावी गेलेली. तिचा निरोप होता, "त्या पत्र्याच्या भट्टीत लेकरू आणणार नाही!" चार महिन्यांच्या लेकीला सुनीलनं फक्त मोबाइलवर पाहिलेलं. तो रोज नानांकडे जुना एसी मागायचा. नाना रोज एकच सांगायचे, "पहिले छप्पर देख, मंग मशीन!"

*

गिऱ्हाइकालाही हेच! एका शेठला दोन टनाचा एसी हवा होता. नानांनी पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवला, डोळे मिटले. "हिला बाहेरून सावली करा. एक टन पुरेल."

शेठ माझ्या कानाशी आला. "आमने दुकान चलाववी छे के नहीं?" गुजरातीत कुजबुजला, म्हणजे यांना दुकान चालवायचंय की नाही?

पुढच्या उन्हाळ्यात त्यानंच तीन गिऱ्हाइकं पाठवली. म्हणाला, एक टनात पांघरूण घ्यावं लागतं!

*

कतारगामला एका घरात एसी नवा, पण खोली थंड होईना. नानांनी उदबत्ती पेटवली आणि खिडकीच्या कडेकडेनं फिरवू लागले. घरातल्या म्हाताऱ्या बा लगेच डोक्यावर पदर घेऊन हात जोडून बसल्या. एका कोपऱ्यात धूर सर्रकन बाहेर ओढला गेला. तिथंच फट! नानांनी ती बुजवली. तासाभरात खोली गार.

बांनी नारळ फोडला. अजून फोन येतो की, "महाराजला पाठवा!"

*

बारडोलीला फ्रिज दिवसभर घरघरतो म्हणून गेलो. सुनीलनं हत्यारांची जड बॅग तीन जिने चढवली. नानांनी फ्रिज भिंतीपासून हातभर पुढे ओढला, दाराचं रबर साबणाच्या पाण्यानं पुसलं. दारात कागद अडकवून ओढून पाहिला. घट्ट! थोड्या वेळानं घरघर थांबली.

"नाना, मग ही बॅग मी कशाला आणली?"

"व्यायाम!"

आम्ही हसलो खरे, पण मशीन न उघडताच दुखणं ओळखणाऱ्या नानांची मला भीतीच वाटायला लागली होती.

*

मग मलाही वाटलं, आपणही तळहातानं उष्णता ओळखावी. मे महिना, दुपारचे दोन, सुनीलची खोली. पत्रा इतका खाली की खाटेवर उभं राहिलं की हात पोचतो. मी ऐटीत हात टेकवला.

तीन दिवस डाव्या हातानं जेवलो. तळहातावर अजून डाग आहे.

त्या संध्याकाळी नाना खोलीवर आले, त्यांनी माझा हात पाहिला, मग वर पत्र्याकडे पाहिलं.

*

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे नाना स्वतः शिडी लावून सुनीलच्या पत्र्यावर चढले. आधी पत्रा घासून धुतला, मग ऊन परतवणारा पांढरा रंग, दोन हात. गल्लीतले सगळे डाइंग मिलमधले कामगार. खालून ओरडले, "नाना, आम्ही कापड रंगवतो, तुम्ही छप्पर?"

"तुमचा रंग धुतल्यावर कळतो," नाना म्हणाले, "माझा उन्हात!"

आठवड्यानं वनिता आली. बाळ खांद्यावर, संध्याकाळच्या गाडीचं परतीचं तिकीट पर्समध्ये. "पाहीसन जासू," पाहून परत जाईन, एवढंच म्हणाली. बरोबर दुपारचे दोन. सुनीलचा चेहरा पांढरा.

नाना खाटेवर चढले आणि पत्र्याला तळहात टेकवला. टेकवलेलाच ठेवला. मग म्हणाले, "पोरी, तू देख."

वनितानं आधी माझ्या हातावरचा डाग पाहिला. मग खाटेवर चढली. एक बोट लावलं. मग पूर्ण हात. ती वर पाहतच राहिली, आम्ही तिच्याकडे.

तिनं खांद्यावर झोपलेल्या लेकीला हळूच वर उचललं आणि तिचा इवलासा तळपाय पत्र्याला टेकवला.

पोरीनं पाय मागे घेतला नाही!