बाळाचं साहित्य आणि माझं बालसाहित्य

मी बालसाहित्यिक आहे असं हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात कुणाला सांगितलं, की समोरचा विचारतो, "बरं, दुकान कुठं टाकलंय?"

यात त्याची चूक नाही. आमच्याकडं साहित्य म्हणजे सामान. लग्नाचं साहित्य, बोअरचं साहित्य, स्वयंपाकाचं साहित्य. ज्याच्याजवळ साहित्य असतं त्याच्याजवळ दुकान असतं, नाहीतर निदान टेम्पो तरी. माझ्याजवळ दोन्ही नव्हतं. मी शाळेत मास्तर. दिवसा पोरांना शिस्त लावायची आणि संध्याकाळी त्याच शिस्तीवर गोष्टी लिहायच्या, असा माझा लेखनप्रवास होता. (पोरं दोन्हींतून निसटायची, तो भाग वेगळा.)

बायको सुनंदा मात्र चित्रं काढते. आणि लेखक म्हणून हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण फार चांगली काढते. माझ्या 'शिस्तप्रिय शेळी' या गोष्टीसाठी तिनं उन्हाळाभर खपून चित्रं काढली. भाकरी, भांडी, धुणं उरकायचं आणि मग भिंतीला टेकून रंगाच्या डब्या उघडायच्या. तिची चित्रं आम्ही दोघं आणि भिंतीवरच्या पाली सोडल्या तर आजवर कुणी पाहिली नव्हती. हिंगोलीला बालपुस्तकांच्या लेखक-चित्रकारांचं संमेलन आहे, पुण्याहून एक प्रकाशक मॅडम येणार आहेत आणि प्रत्येकाचं काम स्वतः बघणार आहेत, असं कळलं तेव्हा तिनं चांगली साडी इस्त्रीला दिली. मी ओळखलं, हिचा जीव यात अडकलाय.

निमंत्रणात शेवटी एक ओळ होती : 'येताना आपले साहित्य सोबत आणावे.'

आता नेमकं त्याच दिवशी सिद्धेश्वर गावी माझ्या धाकट्या बहिणीच्या, रेखाच्या बाळाचं बारसं निघालं. आई भडकली.

"भाच्याचं बारसं टाकून कशाचं संमेलन रे तुझं?"

"आई, बालसाहित्याचं आहे."

"मंग इथं काय म्हाताऱ्याचं बारसं हाय का?"

शेवटी तह झाला. आम्ही दोघं सकाळी जीपनं हिंगोलीला जायचं आणि दुपारी तिथून परस्पर बारशाला पोचायचं. आई आणि आबा (म्हणजे माझे वडील) मागून दुसऱ्या जीपनं थेट सिद्धेश्वरला जाणार.

सकाळी ओसरीवर दोन पिशव्या तयार होत्या. दोन्ही पिवळ्या, दोन्ही दिवाळीला ज्या दुकानातून कापड घेतलं त्याच दुकानाच्या. एकीत सुनंदाची चित्रं आणि माझ्या गोष्टीची वळणदार अक्षरात लिहिलेली पानं. दुसरीत आईनं भरलेला बाळंतविडा. बाळाची झबली, टोपडी, दुपटी, खुळखुळा आणि रेखासाठी डिंकाचे लाडू.

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवून राहिला. सुनंदा आत केसाला पिना लावत होती. मी आरशासमोर जाकिटाची बटणं लावत होतो. (साहित्यिकानं जाकीट घालावं असं माझं मत होतं. उकाडा असा, की जीपवाला बनियनवर आला होता.) तिथूनच मी ओरडलो,

"आबा, बालसाहित्याची पिशवी जीपमध्ये ठेवा!"

"बाळसाहित्याची?"

"बाळ नाही हो आबा, बाल! ल! लसणाचा ल!"

"तेच म्हनून राहिलो न मी. बाळाचंच साहित्य न?"

"अर्थ तोच आहे, पण उच्चार..."

"अर्थ तोच हाय न? मंग झालं. ठिवतो."

कुठल्याही सरळ माणसानं इथं 'सुनंदाच्या चित्रांची पिशवी' असं सांगितलं असतं. मी मास्तर पडलो. आबांचा उच्चार दुरुस्त केल्याच्या समाधानात मी जीपमध्ये जाऊन बसलो. पिशवी टपावर बांधलेली होती.

हिंगोलीत उतरल्यावर ती मीच उचलली. सुनंदा म्हणाली, "द्या इकडं, मी घेते." मी म्हटलं, "लेखकाचं ओझं लेखकालाच वाहू दे." पिशवी चांगलीच जड होती. माझ्या लेखनाला वजन आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

हॉल भरला होता. लेखक, चित्रकार, भाषणं, चहा, परत भाषणं. मग मॅडम एका टेबलाशी बसल्या आणि एकेकाचं काम बघू लागल्या. आमची पाळी आली तेव्हा सुनंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळून माझ्या मागं उभी राहिली. मी घसा साफ केला.

"मॅडम, पिशवी उघडण्याआधी दोन शब्द बोलतो. हे साहित्य आम्ही घरीच तयार केलंय. बाजारू असं यात काही नाही."

"छान. वयोगट कोणता?"

"सहा ते दहा. या वयाच्या मुलांना अगदी मापात बसेल असंच दिलंय."

आणि मॅडमच्या नजरेला नजर देत (बोलताना नजर हलू द्यायची नाही, हे मी वर्गात शिकवतो) मी पिशवीत हात घातला आणि पहिला नमुना टेबलावर ठेवला.

ते टोपडं होतं. पिवळं. गोंडेवालं.

मॅडमनी चष्मा लावला. मागून एक चित्रकार हळूच म्हणाला, "सहा वर्साच्या पोराला न्हाई बसायचं हे."

मी नजर हलू दिली नाही. "हे फक्त मुखपृष्ठ समजा," मी म्हणालो, "खरा गाभा आत आहे." आणि खरा गाभा म्हणून मी दुपटं बाहेर काढलं.

"मऊ आहे," मॅडम म्हणाल्या.

"मुद्दामच मऊ ठेवलंय. मुलांना बोचेल असं मी लिहीतच नाही!"

"अहो," सुनंदा मागून म्हणाली, "खाली बघा."

मी खाली बघितलं. टेबलावर टोपडं होतं, दुपटं होतं आणि माझ्या हातात एक झबलं होतं. तेवढ्यात कुणीतरी पिशवीतून खुळखुळा काढून वाजवला आणि मग मात्र हसण्याचा असा स्फोट झाला की चहावालासुद्धा आत आला. संयोजक भला माणूस. तो म्हणाला, "असू द्या सर, विषय बालकांचाच हाय. विषयांतर झालं न्हाई."

अशा वेळी हातांचं काय करावं हे सुचत नाही. मी लाडवांचा डबा उघडला आणि म्हटलं, "घ्या, घ्या." लेखक मंडळी भिडस्त असतात असं मी ऐकून होतो. डबा हॉलभर फिरून परत आला, तेव्हा त्यात डिंकाचा खडासुद्धा नव्हता.

सुनंदा बाहेर पायरीवर जाऊन बसली होती. मी शेजारी बसलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "एकदाच कुनीतरी बघनार होतं हो," ती म्हणाली. एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःचा असा संताप आला, की जाकीट काढून फेकून द्यावं. (काढलं. फेकलं नाही, नवं होतं.)

मी आईला फोन लावला. तिकडं बारशाचा लाउडस्पीकर सुरू होता, त्यामुळं आई एवढी ओरडून बोलत होती की फोनबाहेर दारापर्यंत ऐकू यावं.

"आई! पिशवी बदलली! चित्रं तुमच्याकडं आलीत!"

"व्हय, मिळाली की! आरं, लई गुनाची हाय माही सून. लेकरासाठी एवढी चित्रं काढली आन् तोंडानं एक शबुद न्हाई! आमी समदी पाळन्याभवती लावली. बाया नुसत्या पाहून राहिल्या!"

"आई, ती काढून ठेव! आणि त्यातली लिहिलेली पानं..."

"कंची? ती चित्राला गुंडाळलेली रद्दी व्हय? तिची काळजी नको करू. कामाला आली."

"कशाच्या कामाला? आई? आई!"

फोन कट. मागं वळून बघतो तर दारात मॅडम उभ्या.

"पाळण्याला लावली म्हणाल्या का त्या?" त्यांनी विचारलं. "मी आता औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघालेय. सिद्धेश्वर तिथून पुढंच ना? चला, बसा माझ्या गाडीत. पुस्तकाची चित्रं टेबलावर सगळेच दाखवतात. पाळण्यावरची मी अजून पाहिली नाहीत."

सुनंदानं डोळे पुसले आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ गाडीत जाऊन बसली.

सिद्धेश्वरला मांडवात पोचलो. पाळण्याभोवती सुतळीवर सगळी चित्रं टांगलेली, आणि अर्थातच क्रमानं नाही. खाली सतरंजीवर पोरं उताणी पडून वर बोटं दाखवत होती. माझ्या गोष्टीत शेळी रांगेत उभी राहते, कडुलिंबाच्या काडीनं दात घासते, पाटीवर शुद्धलेखन लिहिते आणि शेवटी गुरुजी हार घालून तिचा सत्कार करतात. पोरांनी लावलेली गोष्ट अशी होती :

"ही शेळी हाय न, हिनं आधी गुर्जीच्या हातातला हार खाल्ला."

"मंग लिंबाची काडी खाल्ली."

"मंग पाटी खाऊन राहिली. आन् मंग समदे रांगेत काहून उभे हायेत?"

"आता गुर्जीला खानार हाय. ते बघाया आलेत."

"कोन्त्या गुर्जीला?"

"हे टकलं. हे बघ, ह्या मामावानीच हाय!"

सगळ्या पोरांनी चित्राकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. मॅडम खाली सतरंजीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग त्यांनी एकेक चित्र जवळून पाहिलं, फार वेळ पाहिलं, आणि सुनंदाचा हात धरला.

"ही शेळी मला द्या. पुस्तक करू या."

सुनंदा रडायला लागली. आईला वाटलं, पुण्याची बाई चित्रं फुकट घेऊन चालली. ती मधे पडली. "ओ बाई, पाळन्याची हायेत ती! न्हाई मिळायची!" तिला समजावता समजावता आबांचा घसा बसला. मग समजल्यावर आईनं सुनेला असं कवळलं की सुनंदाला हसूही येईना आणि रडूही.

"आणि मजकूर?" मॅडमनी मला विचारलं. "तुमची मूळ गोष्ट दाखवा ना."

मी मांडवात नजर फिरवली. प्रत्येक पोराच्या हातात घुगऱ्यांची पुडी होती. प्रत्येक पुडीवर माझं वळणदार अक्षर होतं. एका पुडीवर मला 'तात्पर्य' हा शब्द स्पष्ट दिसला, वरून तेल पाझरत होतं. ती पुडी धरलेली चिमुरडी कागद उलगडून आतलं मीठ-तिखट चाटत होती. मॅडमनी तिला विचारलं,

"कशी वाटली गं?"

"मस्त! पन खाली खाली लई खारट व्हती."

"शेवट तेवढा सुधारा," मॅडम मला म्हणाल्या.

सुधारायला काही शिल्लक नव्हतं. 'खादाड शेळी' या नावानं पुस्तक निघालं. चित्रं सुनंदाची, गोष्ट सतरंजीवरच्या पोरांची. माझं नाव आभारात आहे, आईच्या खाली. बारशाच्या दिवशी आईनं अजून एकच विचारलं होतं, "बाळंतिनीचे लाडू कुठं हायेत?" मी म्हटलं, "साहित्यिकांनी खाल्ले." त्यावर ती जे बोलली ते बालसाहित्यात बसत नाही.

आता कुठं कार्यक्रमाला बोलावलं की माझा परिचय लिहून मागतात. मी एकच ओळ लिहून देतो : यांचं साहित्य मुलं चाटूनपुसून संपवतात. त्यात एक अक्षरही खोटं नाही!